मनाचा आजार आणि हजेरीचा कागद



या व्यासपीठावरून प्राध्यापक बोलले, डॉक्टर बोलले, कायदेपंडित बोलले. आम्ही यांपैकी कोणीच नाही. आमची शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयात आणि कामगार न्यायालयाबाहेरच्या बाकावर झाले. तेव्हा उदासीनतेच्या आजारावर, ज्याला आता घरोघरी डिप्रेशन म्हणतात त्यावर, बोलावयाचा आम्हांस अधिकार कोणता, असे कोणास वाटले तर त्यात वावगे नाही. अधिकार एवढाच, की गेली तीस वर्षे हा आजार युनियनच्या कचेरीत आमच्यासमोर येऊन बसतो आहे. तो आपल्या नावाने मात्र येत नाही. तो चार्जशीट होऊन येतो. रजेवाचून गैरहजेरी, कामात हयगय, पाळीवर झोपणे, सुपरवायझरशी उद्धट वर्तन, ही त्याची आमच्याकडची नावे.

कामगार कधी म्हणत नाही की मला नैराश्य आले आहे. तो म्हणतो, "साहेब, कामात जीव लागत नाही." म्हणतो, पाठ धरली आहे, पित्त झाले आहे, छातीत धडधडते, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. बायको म्हणते, मनाला लावून घेतले आहे. आई म्हणते, बाहेरचे काहीतरी झाले आहे. मग अंगारा होतो, उतारा होतो, देवस्थान होते, आणि घरात शिल्लक असलेले चार पैसे त्यात जातात. हा मनुष्य सकाळी उठतो, कपडे करतो, बूट हातात घेऊन खाटेवर बसतो आणि तासभर तसाच बसून राहतो. कंपनीची बस निघून जाते. त्याला बस चुकवायची नसते. उठवतच नाही. दुःख कोणाला होत नाही? घरात मयत झाली, नोकरी गेली, पीक बुडाले, तर माणूस रडणारच. पण दोन आठवडे आणि त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन असे बुडालेले राहिले, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी गेली, झोप, भूक आणि उमेद यांची घडी मोडली, तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. कधी त्याला कारण दिसते, कधी मुळीच दिसत नाही. अशा माणसाला आपण काय सांगतो? "जरा हिंमत धर." बेअरिंग गेलेल्या मशीनला हिंमत धर म्हणून सांगणारा फिटर आम्ही अजून पाहिला नाही.

एक गोष्ट जाता जाता. गीतेचा पहिला अध्यायच विषादाचा आहे. अर्जुनाचे अंग कापते, तोंड कोरडे पडते, धनुष्य हातातून गळते. त्याचा विषाद आणि आम्ही बोलतो तो आजार एकच, असे आमचे म्हणणे नाही. पण एवढ्या मोठ्या योद्ध्याला त्या अवस्थेत कोणी भेकड ठरवून रथाखाली उतरवले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आमच्याकडे मात्र एखाद्याचे धनुष्य गळाले की "याला येरवड्याला पाठवा" अशी थट्टा सुरू होते. मुंबईकडे ठाण्याला पाठवतात, विदर्भात नागपूरला, कोकणात रत्नागिरीला. सरकारी मनोरुग्णालये असलेली ही चार चांगली गावे आपण शिव्यांसारखी वापरली, आणि मग माणूस तेथील बाह्यरुग्ण विभागाची पायरी चढावयास कचरतो म्हणून त्यालाच अडाणी ठरवले.

२०१५-१६ साली बंगळूरच्या निमहान्स संस्थेने देशाची मानसिक आरोग्य पाहणी केली. वीस प्रौढांत सुमारे एकाला हा आजार आयुष्यात केव्हा ना केव्हा गाठतो, आणि मनाच्या आजारांनी पीडलेल्यांपैकी बहुसंख्य लोक उपचारापर्यंत पोहोचतच नाहीत, असे तीत दिसून आले. चारशे कामगारांच्या कारखान्यात याचा अर्थ वीसएक माणसे. ती सगळी कोठे आहेत? ती टाइम ऑफिसच्या रजिस्टरात आहेत, निराळ्या नावांनी.

आमच्या वडील पिढीने गिरणगावात क्षयाबद्दल हेच पाहिले होते. घरात क्षय आहे हे शेजाऱ्याला कळता कामा नये, कारण मुलींची लग्ने अडतात. खोकणाऱ्याला आतल्या खोलीत ठेवावयाचे आणि "दमा आहे" म्हणून सांगावयाचे. मग औषधे आली, आणि हळूहळू माणसे नाव घेऊ लागली. गंमत अशी, की उदासीनतेवरच्या पहिल्या औषधांपैकी एक या क्षयाच्या उपचारातूनच निघाले. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे औषध देऊन पाहत होते. रोगी क्षयाने खंगलेले, पण भलतेच उल्हसित दिसू लागले. १९५७ पर्यंत ते उदासीनतेच्या रोग्यांना देऊ लागले. यकृताला अपाय होतो म्हणून ते पुढे मागे पडले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये इमिप्रामिनचा गुण लक्षात आला, आणि नंतर अधिक सोसवणारी औषधे निघाली. क्षयाच्या औषधाने मनाच्या आजाराला वाट दाखवली. क्षयाची लाज जशी ओसरली तशी ही मात्र अजून ओसरावयाची आहे.

आता आमच्या खास विषयाकडे येतो. लाज ही मनाची गोष्ट आहे असे लोक समजतात. आमच्या हिशेबी ती पगाराची गोष्ट आहे. कशी ते पाहा.

१९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे आपली ईएसआय, आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या सत्तर टक्के भत्ता देते. काही दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे. त्यांतला आजार असला आणि नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या झाल्या, तर ऐंशी टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. या यादीत क्षय आहे, कुष्ठरोग आहे, कर्करोग आहे. आणि आतून उद्भवणारे औदासीन्यही आहे. वर्षानुवर्षे आहे! पण घरचे लोक काय करतात? गल्लीतल्या डॉक्टरकडून काविळीचा किंवा टायफॉईडचा दाखला आणतात. कावीळ महिन्याने बरी होते, निदान कागदावर तरी. हा मनुष्य महिन्याने बरा झालेला नसतो. मग दुसरा दाखला, मग दाखल्यावाचून गैरहजेरी, मग नोटीस, मग चौकशी. खऱ्या आजाराला जो हक्क होता तो खोट्या आजाराच्या नावाखाली बुडाला.

अठरा वर्षे नोकरी झालेल्या एका लेथ ऑपरेटरची चौकशी चालू होती. तेवीस दिवस गैरहजर. आरोप नाकारण्यासारखा नव्हताच. त्याची बायको कचेरीत आली. पिशवीत रेशनकार्डाच्या घडीत तिने मानसोपचार विभागाचा केसपेपर लपवून आणला होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि लगेच त्यावर हात ठेवला. म्हणाली, "हा कोणाला दाखवू नका. मुलीचं बघताहेत." कागद दाखवावा तर नोकरी वाचण्याचा संभव, न दाखवावा तर घराचे नाव वाचणार आणि चूल विझणार. कचेरीत दोन मते पडली. एकजण म्हणाला, बाईंचे ऐकावे. दुसरा म्हणाला, नोकरी गेली तर मुलीचे लग्न तरी कशावर करणार? अर्धा तास अशी चर्चा झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आले, की ज्याचा आजार त्याला कोणी विचारलेलेच नाही. तो बाहेर व्हरांड्यात बसला होता. आत आला, ऐकून घेतले आणि म्हणाला, "द्या कागद. लपवून दमलो."

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला आपल्या आजाराबाबत गुप्ततेचा हक्क दिलेला आहे. त्याचा आधार घेऊन कागद बंद पाकिटात चौकशी अधिकाऱ्याकडे दिला, इतरांना दाखवू नये असे लिहून घेतले. नोकरी राहिली. मुलीचे एक ठरत आलेले स्थळ मोडले. ते या बातमीने मोडले की देण्याघेण्यावरून, हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. पुढे तिचे लग्न दुसरीकडे झाले.

कायदा कोठवर पोहोचतो हेही सरळ सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात असा निवाडा दिला, की मानसिक अपंगत्व असलेल्या माणसाच्या वर्तनामागे ते अपंगत्व हे एक कारण असेल, तर त्याच्यावरील शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. निवाडा मोठा आहे. परंतु नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढू नये, हे २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातील संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. खाजगी कारखान्यातला, त्यातही कंत्राटी कामगार, अजून युनियनच्या जोरावरच उभा आहे, आणि कंत्राटी कामगाराला बहुधा युनियनही नसते.

आमच्याच मंडळींतले काही म्हणतात, हे सुखवस्तूंचे आजार. तुम्ही बोनसचे बोला. दुसरे म्हणतात, सगळा दोष भांडवलशाहीचा. ती गेली की आजारही जाईल. आम्हांस दोन्ही पटत नाही. फिरत्या पाळ्यांनी झोप मोडते, कर्जाने मन खचते, नोकरीच्या टांगत्या तलवारीने माणूस आतून पोखरतो, हे शंभर टक्के खरे. त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण कायम नोकरीतल्या, कर्ज नसलेल्या माणसालाही हा आजार होताना आम्ही पाहिला आहे. तो क्रांतीची वाट पाहत थांबू शकत नाही. त्याला उद्या सकाळी डॉक्टर हवा. मालकांची तऱ्हा आणखी निराळी. माणसे निम्मी करावयाची, उत्पादन तेवढेच मागावयाचे आणि वर्षातून एकदा कॅन्टीनमध्ये ताणमुक्तीचे व्याख्यान ठेवून दीर्घ श्वास घ्यावयास लावावयाचे!

औषधाबद्दल एक सांगणे अवश्य आहे, कारण येथेच पुष्कळजण फसतात. गोळीचा त्रास आधी जाणवतो, गुण मागाहून येतो. त्याला दोन ते सहा आठवडे लागतात. आमचा माणूस आठव्या दिवशी "नुसती गुंगी येते" म्हणून गोळ्या सोडतो. गुण आल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि सोडावयाच्या त्या डॉक्टरच्या सल्ल्याने, हळूहळू. बोलून करावयाचे उपचारही आहेत, त्यांचा उपयोग होतो. काहींचा आजार फिरून येतो. तो लेथ ऑपरेटर आज मशीनवर आहे, गोळी घेतो आहे, मध्यंतरी एकदा पुन्हा महिनाभर घरी होता. त्या वेळी दाखल्यावर खरे नाव लिहिले होते.

त्याचा कठीण दिवस कोणता, असे आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, कामावर परत आलो तो पहिला. कोणी वाईट बोलले नाही. सगळे फार जपून बोलत होते. चहाला हाक मारावी की नाही, यावर खुसपुस चालली होती. शेवटी एका हेल्परने नेहमीसारखी शिवी घालून हाक मारली, तेव्हा त्याला बरे वाटले. शिवीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण हाक नेहमीसारखी हवी. अवघड काम, क्रेन, रात्रपाळी यांबाबत काय ते डॉक्टरला विचारून ठरवावे, आपल्या भीतीने ठरवू नये.

आणि कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर विषय बदलू नका. "जीव देण्याचा विचार मनात येतो का?" असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न फसला की पोलिसांची भीती असे. २०१७ च्या कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असे धरून चालावयाचे ठरवले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम तसे राहिलेले नाही. तेव्हा इस्पितळात नेताना "पडला" म्हणून सांगण्याचे कारण नाही. सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलतात. क्रमांक १४४१६. बाहेरच्या फळ्यावर तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावयास आम्ही चिटणीसांना सांगितले आहे. जाताना उतरून घ्यावा. ईएसआयच्या दाखल्यांसंबंधी ज्यांना विचारावयाचे असेल, त्यांच्यासाठी आम्ही सभा संपल्यावर येथेच पायरीशी थांबतो.