मागचे पुसट करण्यापूर्वी
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



फोटोतील माणूस स्पष्ट आणि त्याच्यामागचे सारे पुसट, असे फोटो हल्ली आपण सर्वच जणी मोबाइलवर काढतो. हे कसे घडते, याविषयी चार शब्द बोलते.

मोठ्या कॅमेऱ्यात हे काम भिंग करते. मोबाइलाचे भिंग व त्यामागचा प्रकाश टिपणारा सेन्सर फार लहान असतात. त्यामुळे जवळचे-दूरचे बहुतेक सारे स्पष्टच येते. २०१६ साली आयफोन ७ प्लसमध्ये 'पोर्ट्रेट' ही सोय आली. आपले दोन डोळे जसे अंतर ओळखतात, तसा त्याची दोन भिंगे अंतराचा अंदाज घेत, आणि मागचा भाग हिशेबाने पुसट केला जाई. अंदाज तो अंदाजच! म्हणून मोकळे केस किंवा चष्म्याची काडी कधी कधी मागच्यात विरून जाते.

खरी पुसटता हवी असेल, तर वस्तूच्या जवळ जावे आणि तिच्यामागे मोकळी जागा ठेवावी. जास्वंदीचे फूल टिपताना पडद्यावर फुलावर बोट टेकवावे. बोट दाबून धरले की पुष्कळ मोबाइलांत फोकस तेथेच थांबतो. फारच जवळ गेल्याने फूल अंधुक दिसले, तर थोडे मागे सरावे.

काही मोबाइलांत 'प्रो' हा भाग असतो. त्यातील 'एमएफ'ची पट्टी सरकवून फोकस आपणच ठरवायचा. ओवाळतानाच्या फोटोत यंत्र बहुधा चेहरा पकडते; आपल्याला तबक हवे असेल, तर ही पट्टी कामी येते.

पण करता येते म्हणून सदैव करावे, असे नाही. हळदीकुंकवाच्या फोटोत पुढच्या चौघी लख्ख आणि मागे उभ्या आजीबाई धुक्यात, हे बरे का? जुने घर पाडायचे ठरले असेल, तर आईच्या फोटोत मागचा ओटा, फडताळ, कपबश्यांची मांडणी स्पष्ट येऊ द्या. काही मोबाइलांत पुसटता नंतर कमी करता येते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ती सोय बहुधा उरत नाही. आजी कशी दिसे, एवढेच नातवंडे विचारणार नाहीत. ती कोठे वावरत होती, हेही विचारतील. तेव्हा बटण दाबण्यापूर्वी चेहऱ्यामागे काय आहे, तेही एकदा पाहावे.