अनाथ लेंकरूं कोणाचें?

(ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ येथें केलेलें व्याख्यान)



आज मी पोरक्या लेंकरांविषयीं बोलणार आहें. पाद्रीबाबा गरीब खेड्यांत येतो, अनाथगृह काढतो, उघडीं पोरें पोटाशीं धरतो. आणि मग गांवांत ओरड उठते कीं, 'पाद्र्यानें पोरें बाटविलीं!' ही ओरड करणारांस माझा एकच सवाल आहे. तीं पोरें वेशीबाहेर उपाशीं निजत होतीं, तेव्हां तुम्ही कोठें होतां? आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना, अशी ही आपली रीत! पण पाद्र्याला नुसती शाबासकी देऊनहि भागत नाहीं. अनाथगृहाची पारख कशी करावी, हें मागल्या इतिहासावरून शिकलें पाहिजे.

वसई-ठाण्याचा मुलूख फिरंग्यांच्या हातीं होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो रॉड्रिग्ज नांवाच्या जेसुइट पाद्र्यानें ठाण्यास पोरक्या मुलांना आसरा दिला. त्यांच्या हातांना हुन्नर शिकविला, कांहींना शेतीला लाविलें, आणि ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचें एक खेडें साष्टी बेटांत वसविलें. ज्या पोरांना कोणी दारांत उभें करीत नव्हतें, त्यांना त्यानें कामधंद्याला लावून माणसांत आणलें. हें काम लहान नव्हे. परंतु त्या भाकरीला किंमत होती. पोराला आपला धर्म सोडावा लागे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय मोठ्या माणसालाहि चुकत नाहीं. मग अजाण लेंकरानें काय करावें?

ही किंमत राजसत्तेनें वसूल करूं लागतांच दयेचें काय होतें, तें गोव्यानें पाहिलें. १५५९ सालीं पोर्तुगालच्या राजाच्या नांवें हुकूम निघाला. ज्या हिंदु मुलाला आईबाप व आजाआजी उरले नाहींत, तें मूल जेसुइटांच्या सेंट पॉल कॉलेजांत द्यावें आणि तेथें त्याचा बाप्तिस्मा व्हावा. पुढें ह्या हुकुमाचा अर्थ ताणतां ताणतां इतका ताणला कीं, आई घरांत जिवंत असतांहि, बाप मेला एवढ्यावरून पोर अनाथ ठरूं लागलें! नवरा गेलेल्या बायका पोरें लपवूं लागल्या; कित्येक घरें रातोरात सरहद्दीपलीकडे गेलीं. पोरक्यांना आसरा देण्याचें काम तेंच; पण आईच्या हातून पोर हिसकावून घेतांच त्याचा जुलूम झाला.

आतां १८६३ सालाकडे पाहा. त्या सालीं वांद्र्यास जेसुइट पाद्र्यांनीं मुलांचें अनाथगृह काढलें. तेंच पुढें सेंट स्टॅनिस्लॉस शाळा म्हणून नांवारूपास आलें. त्याच सालीं पुण्यास जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें. फसलेल्या ब्राह्मण विधवेनें यावें, गुपचूप बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें. ज्या समाजानें सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेंकलें, त्याच समाजाच्या ह्या लेकी. तरी सावित्रीबाईंनीं त्यांचीं बाळंतपणें केलीं. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनीं दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केलें. आणि १८९७ च्या प्लेगांत त्याच्या दवाखान्यांत रोग्यांची सेवा करतांनाच त्या माउलीनें देह ठेविला. १८७७ च्या दुष्काळांतहि धनकवडीस बालाश्रम काढून फुले दांपत्यानें व सत्यशोधक मंडळींनीं उपाशी पोरें जगविलीं.

जोतीराव स्वतः स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले. पाद्र्यांची कळकळ आणि शिस्त त्यांनीं उचलली. मात्र आपल्या दारीं आलेल्या लेंकराला जात विचारली नाहीं, बापाचें नांव विचारलें नाहीं, आणि भाकरीची किंमतहि मागितली नाहीं. अनाथगृह पाद्र्याचें असो, मठाचें असो, कीं सरकारचें असो, त्याला हीच कसोटी लावावी.

आतां आपल्या ढाणकीकडे या. हा कापसाचा, सोयाबीनचा, हळदीचा मुलूख. पण यवतमाळ जिल्ह्याचें नांव देशभर गेलें तें पिकानें नव्हे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनीं! कर्ता पुरुष जातो. मागें उरते बाई, दोन लेंकरें आणि कर्ज. प्रकरण 'पात्र' ठरलें तर सरकारची १ लाख रुपयांची मदत. त्यांतले ३०,००० हातीं आणि ७०,००० ठेवींत, हा २००६ चा ठराव. 'अपात्र' ठरलें तर तेंहि नाहीं. सातबारा बहुधा सासऱ्याच्या नांवावर. मग भाऊबंद शहाणपण सांगतात, 'पोरें टाका कुठल्या तरी आश्रमांत!' अहो, त्यांची आई जिवंत आहे ना? आई जिवंत असतां पोराला अनाथ म्हणणें, हें गोव्यांतल्या त्या हुकुमाचेंच पाप आहे. फरक इतकाच कीं, येथें तें पाप फिरंगी करीत नाहीं, आपण करितों.

कायदा काय म्हणतो, तेंहि ऐकून ठेवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणें संस्थेंत मूल ठेवणें हा अगदीं शेवटचा उपाय आहे. नोंदणी नसलेल्या आश्रमाच्या हवालीं मूल करतां येत नाहीं; तें जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढें न्यावें लागतें. पोरकें मूल रस्त्यावर दिसलें तर १०९८ ह्या क्रमांकावर फोन करावा; त्याला पैसा पडत नाहीं. बाप गेलेल्या गरीब मुलाला आईपाशींच ठेवून वाढवितां यावें, म्हणून सावित्रीबाईंच्याच नांवाची बालसंगोपन योजना आहे. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. आणि ज्याचें खरोखरच कोणी नाहीं, त्याला अनाथ प्रमाणपत्र मिळतें. त्यावर २०१८ पासून शिक्षणांत व सरकारी नोकरींत १ टक्का आरक्षण आहे.

पण कागद आपल्या पायांनीं चालत येत नाहीं! मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, बँकेचें खातें, ह्यांतला एक अडला कीं सारें अडलें. यवतमाळला एक खेप म्हणजे मजूर बाईचा पुरा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून माझें मागणें थोडें आहे. गांवांतल्या चार शिकलेल्या तरुणांनीं एक वही घालावी. ढाणकींत आणि भोंवतालच्या तांड्यांवर, पाड्यांवर बाप किंवा आई गेलेलीं मुलें किती, कोण शाळेंत जातें, कोण ऊसतोडीला गेलें, कोणाचा अर्ज कोठें अडला, हें त्या वहींत लिहावें. ज्याच्या बुडाखालीं गाडी आहे त्यानें त्या बाईबरोबर कचेरींत जावें. अर्ज लिहिण्याचा एक पैसाहि घेऊं नये, आणि त्या बदल्यांत मत, जयजयकार, किंवा आपल्या देवाचें नांव मागूं नये.

एवढें केल्यावरहि एखादें लेंकरूं अगदींच निराधार उरेल. त्याला पाद्र्याच्या नोंदलेल्या आश्रमांत आसरा मिळाला तर त्या पाद्र्याचे आभार माना. महिन्यामहिन्याला तेथें जाऊन पोराची विचारपूस करा, दिवाळीला त्याला गांवीं आणा. आपल्याला विचारणारें कोणी आहे, हें ज्या पोराला ठाऊक असतें, त्याची किंमत कोणी मागूं धजत नाहीं. गांव करील तें राव काय करील, ही म्हण आपल्याच वाडवडिलांची आहे. ती खरी करण्यासाठीं ती वही आजच्या आज घाला, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.