भाड्याच्या घरातला फ्रीज

(मंडळाच्या श्रावणातील कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गणेशोत्सवाआधीच्या मेळाव्यात बोलणाऱ्याने काहीतरी भारदस्त बोलावं अशी रीत आहे. आम्हां दोघांच्यात ती ताकद नाही. कार्यवाहांनी सांगितलं, तुम्ही आपले फ्रीजवर बोला. कारण मंडळातलं कुणी नवीन खोली घेतं आणि आतला फ्रीज उघडून बघतं, की पहिला फोन आम्हांला येतो. समोर बसलेल्यांपैकी निम्मेअधिक भाड्याच्या घरांत राहतात. कुणी कुडाळ-सावंतवाडीकडून आलेले, कुणी कोल्हापूरचे, कुणी बेळगावचे. तेव्हा विषय हलका वाटला तरी परका नाही.

आधी आपल्या भागातल्या घरांविषयी. कोरगाव, मांद्रे, हरमल, केरी या पट्ट्यात पूर्वी घरं भाड्याने जात ती सीझनपुरती. दिवाळीच्या सुमारास पाहुणे यायचे, एप्रिलपर्यंत निघून जायचे. मग घराला कुलूप लागायचं, मेन स्विच बंद व्हायचा आणि फ्रीजचं दार घट्ट लावलेलं राहायचं. गोव्यात पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बंद घरात बंद फ्रीज, आत थोडी ओल आणि एखादं विसरलेलं लोणी: बुरशीला आणखी काय लागतं? पुढे 11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, 5 जानेवारी 2023 पासून विमानं सुरू झाली, आणि वर्षभर राहणारे आपल्यासारखे भाडेकरू वाढले. सीझनची घरं बारमाही झाली. आतलं सामान मात्र सीझनचंच राहिलं. जाहिरातीत ‘फर्निश्ड’ हा शब्द वाचून आपण दोन हजार जास्त देतो, तो या सामानासाठी.

आम्ही कोरगावात आलो तो 2023चा जून. गोव्यात 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणून बरेचजण मे महिन्यातच मासळी आणून फ्रीजरमध्ये साठवतात. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी तेच केलं असावं. मग ते अचानक निघून गेले, वीज तोडली गेली, आणि बांगडे आत राहिले. किती दिवस, ते आम्ही मोजलं नाही. दार उघडलं तेव्हा ओटीवर बसलेलं मांजरसुद्धा उठून गेलं, एवढंच सांगतो. जेवणाच्या वेळेआधी याहून जास्त वर्णन नको.

हसण्यावारी नेता आलं असतं, पण आमच्याबरोबर आई असतात आणि त्यांना मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उघडलेली कुपी बाहेर साधारण चार आठवडे चालते, तीही खोली फार तापत नसेल तर; नेमकं किती ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. आमच्याकडे तीन महिन्यांचा साठा होता. कुणी म्हणालं, ओल्या मडक्यात ठेवा. उन्हाळ्यात कोरड्या हवेच्या गावी मडकं चांगलं काम करतं, कारण पाणी उडून जाताना गारवा येतो. जूनमधल्या कोरगावात पाणी उडून जाईल कुठे? हवाच पाण्याने भरलेली. तेव्हा मडकं बाद.

शेजारीच घरमालकीणबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, एकट्या. या भाड्यावर त्यांचं घर चालतं. आधीच्या भाडेकरूंची अनामत वीजबिलातच संपली होती. आम्ही त्यांना बोलावून फ्रीज दाखवला. त्यांनी पदर नाकाला लावला, काही बोलल्या नाहीत, आणि आईंच्या हातातली इन्सुलिनची पिशवी घेऊन आपल्या घरी गेल्या. दारातून म्हणाल्या, “फाल्यां हांव येतां.”

रात्री आम्ही दोघं हिशेब करत बसलो. हा घाण फ्रीज कुणाचा? वस्तू मालकिणीची, घाण आधीच्यांची, गरज आमची. पैशाच्या बाजूने पाहिलं तर कामाला माणूस लावून भाड्यातून कापून घेणं सरळ होतं. कायदा काय म्हणतो तेही पुढे आम्ही एका वकील स्नेह्यांना विचारलं. 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम 108 आहे. भाडेकरूने जागा घेतली तेव्हा ती जशी होती तशीच परत करायची, वापराने होणारी सहज झीज सोडून, असा त्याचा आशय. म्हणजे सगळा भार ‘घेतली तेव्हा जशी होती’ या शब्दांवर. ती कशी होती हे सांगणारा कागद किंवा फोटो नसेल, तर जाताना आधीच्याची घाणही आपल्याच नावावर चढते. 2021च्या नमुना भाडे कायद्याला तर यादीच जोडलेली आहे: वेगळं काही ठरलं नसेल तर भिंतींची दुरुस्ती, रंग, मोठं वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, गीझर, स्विच, विजेच्या उपकरणांची दुरुस्ती भाडेकरूकडे. पण तो नमुना आहे, राज्यांनी स्वीकारल्यावाचून लागू होत नाही. शिवाय त्यात दुरुस्तीचं बोलणं आहे. दुसऱ्याचे बांगडे कुणी काढायचे, हे कुठल्याच कायद्यात नाही.

सकाळी बाई खरंच आल्या, लुगडं खोचून. आता कामाचं सांगतो.

पहिली गोष्ट, फ्रीज चालू करून बघू नका. वास गार झाला की दबतो, आणि माणसाला वाटतं चालेल तसंच. प्लग काढा, दार उघडा, तासभर जवळ जाऊ नका. हातमोजे आणि नाकाला फडकं पाहिजेच. आतलं सगळं दोन पिशव्यांत घालून बाहेर. बाईंनी ती मासळी माडाच्या मुळाशी खोल पुरायला लावली. त्या माडाला त्या वर्षी नारळ जास्त लागले असं त्या सांगतात, आम्ही मोजले नाहीत.

फ्रीजरमध्ये जुना बर्फ असेल तर सुरी, उलथणं, स्क्रू-ड्रायव्हर काही लावायचं नाही. फ्रीजरची भिंत पातळ ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यातूनच गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. एक भोक पडलं की फ्रीज संपला. आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, म्हणजे जळणारा वायू. मागे कंप्रेसरवर ‘आर 600ए’ आणि ज्वाळेचं चित्र दिसेल. एका पातेल्यात गरम पाणी घालून आत ठेवा, बर्फ आपोआप सुटतो. काचेचे कप्पे मात्र थंडगार असताना कढत पाण्यात घालू नका, तडकतात.

आता वास. फ्रीज म्हटलं की सगळे सांगतात खाण्याचा सोडा. आंबलेल्या दुधाच्या वासाला सोडा उत्तम, कारण तो वास आम्लाचा. मासळीचं उलट आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात एक द्रव्य असतं. मासा मेल्यावर जीवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि हे अल्कधर्मी असतं. त्याला आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो. तो हवेत उडत नाही, पाण्याने धुऊन जातो. ही रसायनशाळेतली गोष्ट नव्हे. आपण बांगड्याला सोलं लावतो, तळलेल्या माशावर लिंबू पिळतो, ते चवीसाठी खरंच, पण उग्र वास मारायलाही तेच. आम्ही हे पुस्तकातून सांगायला लागलो तेव्हा बाई म्हणाल्या, एवढं शिकायला शाळेत कशाला जायचं? आणि माडाच्या व्हिनेगरची बाटली काढली. सोलांचं पाणी मात्र वापरू नका, पांढऱ्या प्लास्टिकला डाग पडतो तो जात नाही.

तेव्हा क्रम असा: आधी साबणाचं पाणी, मग निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी, ते पुसून कोरडं झाल्यावर शेवटी लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे सोडा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढण्यात अर्थ नाही. फेस दिसतो छान, पण दोघंही एकमेकांना संपवतात.

आणि एक गोष्ट जरा जोरात सांगतो. ब्लीचिंगचं पाणी आणि व्हिनेगर, किंवा ब्लीचिंग आणि संडास धुण्याचं ॲसिड, कधीही एकत्र आणू नका. क्लोरिन वायू सुटतो. आपलं डोकं फ्रीजच्या आत असतं, खिडकी पावसामुळे लावलेली असते. अमोनिया असलेला काच पुसण्याचा द्रवही ब्लीचिंगबरोबर नको.

सगळ्यांत विसरली जाते ती फ्रीजची पाठ. कंप्रेसरच्या वर एक ट्रे असतो, आतलं वितळलेलं पाणी नळीतून तिथे येतं. आमच्या ट्रेमध्ये काळं पाणी होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ-अस्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खात्याची माणसं पावसाळ्यात घरी येतात तेव्हा फुलदाणीबरोबर फ्रीजचा ट्रे मुद्दाम बघतात ते याचसाठी. फ्रीजच्या आत मागच्या भिंतीला खाली एक बारीक भोक असतं, तेही तुंबलेलं होतं. कानकोरण्याने नव्हे, जुन्या सिरिंजने कोमट पाणी सोडून मोकळं केलं. आईंच्या जुन्या सिरिंजा अशा कामी आल्या.

तीन दिवस दार उघडं ठेवलं. करवंटीचा कोळसा वाटीत घालून आत ठेवला. कारखान्यात करवंटीपासून बनतो त्या ‘ॲक्टिव्हेटेड’ कोळशाइतका घरचा कोळसा वास ओढत नाही, पण काही न ठेवण्यापेक्षा बरा. चौथ्या दिवशी वास नव्हता. तेव्हाही असता, तर तो भिंतीच्या आतल्या फोममध्ये शिरला असं समजून फ्रीज भंगारात काढायचा, असं आम्ही आणि बाईंनी आधीच ठरवलं होतं. असे फ्रीज असतात. त्यांच्यावर आठवडे घालवू नयेत.

दाराचं रबर मात्र गेलं होतं. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. सुळकन आली तर रबर हवा सोडतंय. म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेलो तेव्हा त्या मापाचं रबर आणलं. पैसे बाईंनी दिले. मेहनत निम्मी त्यांची, निम्मी आमची. दोन्ही बाजूंनी कुणी कागद दाखवला नाही. पण त्याच संध्याकाळी आम्ही सगळ्या सामानाचे फोटो काढले, फ्रीज, गीझर, मिक्सर, वॉशिंग मशीन, आणि एका कागदावर कशाची काय स्थिती ते लिहून दोघांनी सह्या केल्या. त्यांना ते आधी थोडं लागलं. मग म्हणाल्या, पुढच्यांकडूनही असंच घेईन. इंग्लंडमध्ये आपले जे लोक भाड्याने राहतात त्यांना हे नवीन नाही. तिथे अशी यादी राहायला येतानाच हातात पडते, आणि एप्रिल 2007 पासून भाडेकरूची अनामत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. तरीही तिथे अनामतीवरून होणाऱ्या भांडणांत साफसफाईचा विषय कायम पुढे असतो, म्हणजे माणसं सगळीकडे सारखीच.

पाचव्या दिवशी बाजारातून एक साधा थर्मामीटर आणून आत ठेवला. काटा चारवर स्थिरावला तेव्हाच इन्सुलिन बाईंकडून परत आणलं. इन्सुलिन मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको आणि फ्रीजरला चिकटून तर मुळीच नको. एकदा गोठलं की ते वितळलं तरी फुकट. दिसायला मात्र तसंच दिसतं, हाच धोका. ज्यांच्या घरी म्हातारी माणसं आहेत त्यांनी वासापेक्षा या काट्याची काळजी जास्त करावी.

त्या वर्षी अधिक श्रावण होता. दोन महिने श्रावण, मग चवथ. बाई शिवराक पाळणाऱ्या. आमचा फ्रीज नव्याने घासलेला, त्यात मासळी गेलीच नव्हती, म्हणून चवथीचं त्यांचं खोवलेलं खोबरं, नेवऱ्यांचं सारण, माटोळीतल्या उरलेल्या केळी-काकड्या आमच्याच फ्रीजमध्ये आल्या. त्यांच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये सुका बांगडा होता, तो हलवायला त्या तयार नव्हत्या.

आता चवथ तोंडावर आली आहे. तुम्ही बहुतेकजण पाच-सात दिवसांसाठी गावी जाल. मेन स्विच बंद करून जाणार असाल तर फ्रीज रिकामा करा, पुसा, ट्रेमधलं पाणी ओता, आणि दारात एक फडकं अडकवून ते बोटभर उघडं ठेवा. फ्रीज चालू ठेवून जाणार असाल तर वाटीत पाणी घालून ती फ्रीजरमध्ये ठेवा. बर्फ झाला की त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि मग निघा. परत आल्यावर नाणं बर्फाच्या वर असेल तर काळजी नाही. नाणं वाटीच्या तळाला दिसलं, तर मागे लाइट बऱ्याच वेळ गेली होती; फ्रीजरमध्ये जे काही ठेवलं असेल ते वास न घेता माडाखाली न्या.