साती आसरा



गेल्या श्रावणात एका सोमवारी मुखेडला दशरथेश्वराच्या दर्शनाला गेलो. चालुक्य-यादवांच्या काळातलं, काळ्या दगडाचं हे महादेवाचं मंदिर. आत बेलाचा ओला वास होता, अभिषेकाची गर्दी होती. दर्शन घेऊन मी बाहेरच्या भिंतीकडे वळलो, कारण मुखेडचं खरं वैभव तिथं आहे. तिथं सप्तमातृका आहेत आणि त्या नाचताहेत.

एरवी या माता एका ओळीत, मांडीवर लेकरू घेऊन शांत बसलेल्या दिसतात. मुखेडच्या शिल्पकाराने त्यांना उभं केलं, नाचवलं. ब्राह्मीपासून चामुंडेपर्यंत साऱ्या जणी. ऊन-पावसाने दगड झिजला, कुठे चेहरा पुसट झाला, पण वाकलेल्या गुडघ्यातली लय अजून शाबूत आहे. मी बराच वेळ नुसता पाहत राहिलो.

तेवढ्यात एक आजीबाई आल्या. हात पोहोचेल तिथं कुंकू लावलं, पदर पसरून नमस्कार केला. मी विचारलं, “आजी, या कोण?”

“साती आसरा हायत्या, बाबा,” त्या म्हणाल्या.

आसरा म्हणजे आपल्या विहिरीवरच्या, नदीच्या डोहातल्या जलदेवता. पंडित त्यांना मातृका म्हणणार नाहीत. पण बालाघाटाच्या या कोरड्या डोंगरपट्ट्यात, जिथं पाऊस दगा देतो आणि माणसं पोटासाठी ऊसतोडीला जातात, तिथं पाण्याच्या आयांना हात जोडणाऱ्या आजींना मी काय शिकवणार? घडवणारे हात गेले, राजे गेले, मूळ नावंही लोकांच्या तोंडून गेली. सात आया तेवढ्या राहिल्या.

खंडित मूर्ती पुजू नये, असं शास्त्र सांगतं. मला मात्र त्या दिवशी शेजारच्या कंधारचा क्षेत्रपाल आठवला. कंधार ही राष्ट्रकूटांची नगरी. त्यांच्यातल्या तिसऱ्या कृष्ण राजाचा, म्हणजे दहाव्या शतकातला शिलालेख तिथं मिळाला आहे. तिथल्या या राखणदार देवाच्या अवाढव्य मूर्तीचे आज नुसते अवयव उरलेत. नुसत्या पावलापाशी उभं राहिलं तरी आपण लहान होतो. चेहरा समोर असता तर कदाचित मी तो न्याहाळत बसलो असतो, कलाकुसर मोजत बसलो असतो. समोर पाऊल होतं, म्हणून डोकं टेकवलं. देव पूर्ण दिसायलाच हवा हा माझा हट्ट तिथं सुटला.

श्रोतेहो, मुखेडला याल तेव्हा गाभाऱ्यातूनच परतू नका. बाहेरून एक प्रदक्षिणा सावकाश घाला. आणि गावोगावच्या मंडळींना हात जोडून विनंती आहे: जीर्णोद्धाराच्या उत्साहात या दगडांना ऑइलपेंट फासू नका. चिमूटभर कुंकू पावसात धुऊन जातं. रंग जात नाही. त्याच्याखाली छिन्नीची रेघ बुजते.