रिकाम्या खुर्च्यांची कचेरी



2020च्या टाळेबंदीनंतर पुण्यामुंबईच्या कित्येक कचेऱ्यांत कर्मचारी आठवड्यातले काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम करू लागले. परंतु ज्या दिवशी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, त्या दिवशीही दिवे आणि वातानुकूलन यंत्रे पुष्कळदा पूर्ण हजेरी असल्याप्रमाणेच चालू राहतात.

म्हणून मुख्य सूत्र एकच.
माणसे असतील, तेथेच वीज असावी.

त्याकरिता कचेरीचे लहान विभाग पाडून प्रत्येकाची दिव्याची व थंडाव्याची कळ स्वतंत्र ठेवावी, म्हणजे कमी हजेरीच्या दिवशी सर्वांना एका दालनात बसवून बाकीची दालने बंद ठेवता येतात.

मेज कोणा एकाच्या नावाचे नसावे;
मात्र डबा, चार्जर आणि कागदपत्रे ठेवण्यास प्रत्येकाला कुलपाचा कप्पा अवश्य द्यावा.

चाकांची मेजे आणि सरकती पार्टिशने असली, तर सकाळची मसलतीची खोली दुपारी प्रशिक्षणवर्ग होते, आणि भिंत पाडावी लागत नाही.

घरून काम करणाऱ्या सहकाऱ्यांशी बोलण्यासाठी एक शांत, बंद खोली राखावी.

उत्तरेच्या खिडकीतून आपल्याकडे ऊन फारसे न येता उजेड येतो. लिहिण्यावाचण्याच्या जागा तेथेच योजाव्यात.

जानेवारी 2020पासून तारांकित एसी 24 अंशांवर लावलेलेच मिळतात. ते विनाकारण 18वर आणू नयेत.

श्रोतेहो, नवे सामान घेण्याआधी महिन्याभराचे हजेरीपत्रक पाहा, जुन्या खुर्च्या दुरुस्त करून घ्या, आणि लक्षात ठेवा :
माणसे असतील, तेथेच वीज असावी.