सहा गुण आणि सात गुण

संजय गांधी निराधार अनुदान योजनेचं पूर्ण नाव गावात कुणी घेत नाही. ‘निराधारचे पैसे’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. अंतुले मुख्यमंत्री असताना, 1980 मध्ये, ही योजना सुरू झाली. 2023 मध्ये महिन्याची रक्कम दीड हजार झाली आणि 2025 च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्यात आली. आज बोलायचं आहे ते या पैशांच्या रांगेत फारसे न दिसणाऱ्या माणसांबद्दल. पाय गमावलेला माणूस तहसीलची पायरी चढला की त्याला काय झालंय हे विचारावं लागत नाही. स्किझोफ्रेनियाचा रुग्ण मात्र हातापायांनी धडधाकट असतो. ‘याला काय धाड भरलीय?’ हा प्रश्न त्याच्या आधी कचेरीत पोचलेला असतो.

दिव्यांगांच्या मुख्य कायद्यांनी त्याला वगळलेलं नाही. 1995 च्या कायद्यातल्या सात दिव्यांगत्वांत मानसिक आजार होता आणि 2016 च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही आहे. तरी 2011 च्या जनगणनेत देशातल्या 2 कोटी 68 लाख दिव्यांगांपैकी मानसिक आजाराच्या रकान्यात जेमतेम सव्वासात लाख माणसं नोंदली गेली. पुढे निम्हान्स या मनोआरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या सर्वेक्षणात हजारात सुमारे आठ प्रौढांना त्या वेळी तीव्र मानसिक आजार असल्याचं आढळलं. जनगणनेचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. घरच्यांनी प्रगणकाला काय सांगितलं असेल, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

प्रमाणपत्र कसं ठरतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण खरी गोम तिथेच आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 च्या सुमारास ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी तयार केली आणि 2002 मध्ये केंद्र सरकारने ती स्वीकारली. तीत चार गोष्टी पाहतात: माणूस स्वतःची काळजी घेतो का, लोकांत मिसळतो का, सांगितलेलं समजतं का आणि स्वतःचं सांगता येतं का, आणि काम करतो का. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. अडचण जितकी मोठी तितके गुण जास्त. त्यात आजार किती वर्षांचा याचे गुण मिळवतात: दोन वर्षांच्या आत एक, दोन ते पाच वर्षांना दोन, सहा ते दहा वर्षांना तीन, त्याहून जास्त असेल तर चार. एकूण वीस. सहापर्यंत गुण आले तर दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या खाली. सात आले की चाळीसच्या वर, आणि बहुतेक सवलतींचं दार चाळीसलाच उघडतं.

आता समजा, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका तरुणाला चार बाबींत मिळून पाच गुण पडले. आजार तीन वर्षांचा आहे. पण पहिली दोन वर्षं देवऋषी, दर्गा, नवस यांत गेली. ‘बाहेरचं आहे’ म्हणून घरच्यांनी दवाखाना गाठलाच नाही, त्यामुळे त्या काळाचा एकही कागद नाही. केसपेपर फक्त गेल्या वर्षाचा. आजाराच्या काळाचे एका गुणाऐवजी दोन गुण मिळायला हवे होते. बेरीज सात व्हायची, ती सहा होते आणि मुलगा बाहेर.

दुसरं नुकसान घरचेच करतात, तेही मायेपोटी. प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डासमोर न्यायचं म्हणून मुलाला आंघोळ घालतात, दाढी करतात, ठेवणीतला सदरा घालतात. डॉक्टरांनी विचारलं की आई सांगते, ‘आता बरंय साहेब, खातो-पितो.’ चारचौघांत लेकाची अब्रू राखण्याची ती धडपड असते. पण ही मोजपट्टी मुख्यतः घरच्यांच्या सांगण्यावर चालते. तिथे खरं सांगायचं ते हे: आंघोळ रोज दुसऱ्याला घालावी लागते, चार-चार दिवस तोंडातून शब्द निघत नाही, रात्री उठून रानात जातो. कामाच्या बाबीत तर घरकामही मोजलं जातं. सून नोकरी करत नाही म्हणून तिचा रकाना कोरा सोडायचा नसतो. चुलीवर भाकरी टाकता टाकता ती थांबते आणि तास-तास बसून राहते, हेही तिथे सांगायचं असतं.

बीडमध्ये यात एक अडचण जास्तीची आहे. दिवाळी सरली की हजारो कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती थेट मार्च-एप्रिलपर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातला एक जण आजारी पडला की कोयता मोडतो, उचल मात्र फिटायचीच राहते. गोळ्या फडात सुटतात. फेरतपासणीची तारीख जानेवारीत पडली तर सोबत यायला घरात म्हातारीच उरलेली असते. राज्याची ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चारही जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. बीडचं सिव्हिल आणि अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय हेच काय ते आधार, आणि आष्टीच्या पश्चिम टोकाच्या माणसाला अंबाजोगाईपेक्षा नगर कितीतरी जवळ पडतं. तपासणीची शिबिरं पावसाळ्यात, ऊसतोडीच्या टोळ्या गावात असताना भरवली तर निम्मे हेलपाटे वाचतील. याला नवा निधी लागत नाही, कॅलेंडर पाहावं लागतं.

त्यात संशयाचं वातावरण. 2022-23 मध्ये बीड जिल्हा परिषदेने बदलीसाठी दिव्यांगत्वाची सवलत घेणाऱ्या शिक्षकांची फेरतपासणी करवली आणि पन्नासहून अधिक जणांना निलंबित केलं. कारवाई योग्यच होती. पण बोगस प्रमाणपत्रांच्या बातम्यांचा फटका सर्वात आधी त्याला बसतो, ज्याचं दुखणं क्ष-किरणात दिसत नाही.

प्रमाणपत्र मिळालं तरी सगळी दारं उघडत नाहीत. 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांपुरता आहे. मानसिक आजार त्यात नाही. सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि इतर काहींसोबत वाटून घ्यावा लागतो. शिवाय आजार बदलता असल्याने प्रमाणपत्र मुदतीचं मिळू शकतं. मुदत संपली की पुन्हा बोर्ड, पुन्हा तेच प्रश्न.

प्रमाणपत्राचा अर्ज जून 2021 पासून ‘स्वावलंबन’ पोर्टलवरच करावा लागतो. सेतूवाला तो भरून देतो, पण जुने केसपेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, शाळा किंवा काम सुटल्याचा कागद हे घरच्यांनीच जमवायचं असतं. सहा गुणांवर अर्ज अडला तर तिथेच थांबायचं कारण नाही. निर्णयाविरुद्ध अपील करता येतं आणि रुग्णाला स्वतः ते जमत नसेल तर त्याच्या वतीने ‘मर्यादित पालक’ म्हणून नेमलेल्या माणसाला करता येतं. मुदत नव्वद दिवसांची आहे. दिवाळीच्या तोंडावर नकार हाती पडला, तर गळीत हंगाम संपून गावी परतेपर्यंत हे नव्वद दिवस उलटून गेलेले असतात. म्हणून टोळी निघण्याआधीच अपिलाचा कागद देऊन त्याची पोच घेतलेली बरी.