लाकडी सभामंडप आणि लाकडी घर : सांभाळ कसा करावा
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला, कलश चढला आणि सागवानी खांबांचा सभामंडप पुन्हा उभा राहिला. सिमेंटचा स्लॅब टाकावा असे म्हणणारे गावात होते. लाकूडच ठेवावे असे म्हणणारेही होते. अखेर लाकूड ठेवायचे ठरले. या निर्णयाबरोबर जी जबाबदारी आली, ती आता समजून घेतली पाहिजे. ज्यांची घरे जुनी, खांब-तुळयांची आहेत, त्यांनाही हेच लागू आहे.

लाकूड टिकत नाही हा समज खरा नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील छताच्या मूळ लाकडी कमानी सुमारे २००० वर्षांनंतरही जागेवर आहेत. जपानमधील होर्यूजी येथील लाकडी मंदिरे सुमारे १३०० वर्षांची आहेत. कार्ल्याचे लाकूड डोंगराच्या पोटात कोरडे राहिले. होर्यूजीची मंदिरे उघड्या पावसात उभी आहेत. परंतु तेथे वेळोवेळी भाग उतरवून दुरुस्ती होत आली. लाकूड कोरडे ठेवावे आणि दुरुस्ती तुंबू देऊ नये, हा त्यातला धडा.

पाणी हा लाकडाचा पहिला शत्रू. एक कौल फुटते, वासा भिजतो. त्याकडे दोन-तीन पावसाळे दुर्लक्ष झाले की ओल तुळईत उतरते आणि मग खांबाचे डोके कुजते. पहिल्या वर्षी जे काम एका कौलात भागले असते, त्यासाठी पुढे छप्पर टेकूवर घ्यावे लागते. म्हणून मृगापूर्वी कौले परतणे, पन्हळी साफ करणे आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढणे ही कामे दरवर्षी झालीच पाहिजेत.

दुसरा शत्रू वाळवी. ती जमिनीतून मातीची नळी बांधत वर चढते. पूर्वजांनी खांबाखाली दगडी तळखडा दिला, तो याचसाठी. लाकूड जमिनीपासून उचललेले राहते आणि नळी डोळ्यांना दिसते. तळखड्याभोवती सिमेंट चढवून खांबाचा बुंधा त्यात गाडला, तर ओलही कोंडते आणि वाळवीही लपते. खांबाला टेकून फळ्या, सरपण वा पोती रचू नयेत. खांबावर हातोडीने हलकेच ठोकून पाहावे; पोकळ आवाज आला तर सुताराला बोलवावे. लाकडाखाली बारीक पीठ पडलेले दिसले, तर भुंगा लागला असे समजावे.

न वाळलेल्या लाकडाला तेलरंग फासणे ही नेहमीची चूक. आतली ओल बाहेर पडत नाही आणि वरून चकचकीत दिसणारा खांब आतून कुजतो. कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लाकडाला लावतात. तेही लाकूड नीट सुकल्यावरच लावावे.

तिसरा शत्रू आग. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये लागलेल्या आगीत जळाला; दगडी तट राहिला, लाकडी महाल गेले. उत्सवात खांबांवरून विजेच्या उघड्या तारा नेणे आणि कापडी झालरीखाली समई ठेवणे कायमचे बंद व्हावे.

नवे लाकूडही सहज मिळत नाही. साग, ऐन, किंजळ यांसारखी झाडे तोडण्यास महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्याखाली परवानगी लागते. तेव्हा आहे ते लाकूड वाचवणे हेच शहाणपण. कुजलेला तुकडा कापून तेवढाच जोड देता आला, तर सबंध खांब बदलू नये.

आता खर्चाचा प्रश्न. खांबाला देणगीदार मिळतो, कारण त्यावर नाव कोरले जाते. कौले परतण्याच्या मजुरीवर कोणाचे नाव कोरता येत नाही; म्हणून ती मजुरी राहते, आणि नाव कोरलेला खांब मात्र कुजतो. यासाठी जमलेल्या निधीतून काही रक्कम केवळ देखभालीसाठी वेगळी ठेवावी, तिला दुसऱ्या कामासाठी हात लावू नये आणि तिचा हिशेब दरवर्षी देवळात वाचून दाखवावा. शिवाय मृगापूर्वीची पाहणी आळीपाळीने एकेका वाडीने अंगावर घ्यावी. मुंबईकर चाकरमान्यांनी मे महिन्यात गावी आल्यावर एक दिवस या कामाला दिला, तर तो रोख देणगीहून कमी मोलाचा ठरणार नाही.

सभामंडप उभारण्याचे पुण्य या पिढीला लाभले. तो सांभाळण्याची बुद्धी ग्रामदेवता पुढच्या पिढ्यांना देवो.